एकाच वेतातली जोडी नको

मागच्या दोन महिन्यांत आमच्याकडं तीन गटांकडून एकच प्रश्न आला. कारवानी कुत्र्यांची जोडी पाळून पिल्लं विकायचा धंदा करावा का, आणि त्यासाठी गटातून कर्ज द्यावं का? एका गटात तर ठराव लिहून तयार होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. गावात एक माणूस येऊन गेला होता. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. एक नर, एक मादी अशी जोडी देतो म्हणाला. वर्षाला दोन वेतं होतील, पिल्लं मीच परत विकत घेईन, म्हणाला. जातिवंत आहेत, सख्खी भावंडं आहेत, म्हणजे रक्तात भेसळ नाही, असंही म्हणाला.

म्हणून आज कुत्र्यावर बोलायचं ठरवलं. आमच्यातल्याच एकीनं विचारलं, "बचत गटाच्या कार्यक्रमात कुत्रं कशाला?" पण ज्यात गटाचा पैसा जाणार तो विषय आपलाच. आणि दुसरं म्हणजे, कुत्रं घरात कुणी का आणेना, त्याची भाकरी बाईलाच थापावी लागते. कुत्र्याचं नाव होतं मालकाच्या नावानं, अमक्याचं कारवानी. त्याचं खाणं-पिणं, पिल्लांची घाण काढणं, रात्री उठून बघणं, यात मालकाचं नाव नसतं.

तर आधी जातिवंत म्हणजे काय ते समजून घेऊ. हे तुम्हाला नवं नाही, फक्त कुत्र्याच्या बाबतीत आपण कधी तसा विचार केलेला नसतो. खिलार बैल बघितला की कळतं, हा ओढायला काटक, चालायला चपळ. खिलार गाईकडून बादलीभर दुधाची कुणी आशा धरत नाही. उस्मानाबादी शेळी म्हटलं की जुळी करडं होण्याची शक्यता जास्त, हे आपण धरून चालतो. हे गुण आपोआप आलेले नाहीत. आपल्या आज्या ज्वारीच्या खळ्यावर भरलेली, टपोरी कणसं बाजूला काढून बियाण्याला ठेवायच्या, तसंच हे. पिढ्यानपिढ्या लोकांनी हव्या त्या गुणाचे नर-मादी निवडले, त्यांचीच संतती वाढवली, आणि हळूहळू तो गुण त्या जातीत पक्का झाला.

आपल्या गल्लीतलं गावठी कुत्रं असं कुणी निवडून घडवलेलं नाही. ऊन, उपास, आजार यांतून जे टिकलं त्याचंच पुढं वाढलं. त्यामुळं ते काटक असतं, थोडक्यात भागवतं आणि हुशार असतं. गावठी म्हणजे हलकं, असं आम्ही तरी मानत नाही. फक्त त्याची पिल्लं मोठी झाल्यावर कशी निघतील ते आधी सांगता येत नाही. जातिवंत कुत्र्याचा मोठा फायदा हाच, की पिल्लू दोन महिन्यांचं असताना ते पुढं केवढं होईल, काय खाईल, कसं वागेल याचा बराचसा अंदाज येतो.

आता कारवानी. आपल्या सांगली, सोलापूर, लातूर भागात आणि पलीकडं कर्नाटकात विजापूर-बागलकोटकडं हे कुत्रं पूर्वीपासून आहे. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, उंच बारीक पाय. उंची खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास, आणि वजन मात्र साधारण वीस-पंचवीस किलोच. नवी सून माहेरून आलेलं असं कुत्रं बघून म्हणते, "अहो, ह्याला जेवायला घालत नाही का?" फासळ्या थोड्या दिसणं ही त्याची ठेवणच आहे. ह्याच घराण्यातलं, पण कानांवर, पायांवर आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असलेलं ते पश्मी.

बहुतेक कुत्री नाकानं माग काढतात. हे कुत्रं डोळ्यांनी शिकार करणारं. लांबवर काही हललं की ते त्याला दिसतं आणि ते सुटतं. माळरानावर, जिथं आडोसा नाही आणि ससा-हरिण वाऱ्यासारखं पळतं, तिथं असंच कुत्रं कामाचं. कारवान म्हणजे तांडा. तांड्यांबरोबर फिरणारं म्हणून कारवानी, अशी नावाची फोड सांगतात.

कर्नाटकात ह्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं गाव, पूर्वी घोरपडे घराण्याचं संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ह्या कुत्र्यांना आश्रय दिला आणि त्यांतली जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली, तेव्हापासून मुधोळ हे नाव जगभर गेलं, असा इतिहास तिकडं सांगितला जातो. आजही कुत्र्यांची नोंद करणाऱ्या आपल्या देशातल्या दोन संस्थांपैकी एक ह्या जातीला कारवान हाउंड म्हणते, दुसरी मुधोळ हाउंड. नावावरून भांडण आहे, कुत्रं एकच.

२००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली: हिमालयातलं मेंढपाळांचं कुत्रं, उत्तर प्रदेशातलं रामपूर, तमिळनाडूचं राजापालयम आणि मुधोळ. जनावरांच्या जातींची सरकारी नोंद हरयाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत होते. तिथं गाई-म्हशी-शेळ्यांच्या जातींची यादी मोठी आहे. कुत्र्यांची नोंद मात्र फार उशिरा सुरू झाली, आणि पहिल्या तीनच जाती होत्या: राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ. भारतीय लष्करानं मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण दिलं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं ह्या कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे. इतकं सगळं असून अस्सल कारवानी आज गावोगाव दिसत नाही. असं का?

कारण त्याचं काम गेलं. संस्थानं गेली, शिकारीचा शौक करणारे गेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हरीणच काय, सशाची शिकारसुद्धा गुन्हा झाला. तो कायदा योग्यच आहे. अजूनही माळावर कुत्री सोडून ससे धरणारी पोरं आहेत. आपल्या घरातला मुलगा त्यांत असेल तर त्याला आजच सांगा, पकडला गेला तर खटला होतो, आणि त्यात जामिनासाठी धावपळ करणार कोण? आईच. पण शिकार थांबल्यावर कारवानी कुत्र्याला राखणीचं थोडं काम उरलं. मेंढरांचे कळप कमी झाले, तसं तेही कमी झालं. खिलाराचंही ट्रॅक्टर आल्यावर असंच झालं, नाही का? ज्या गुणासाठी जात घडवली त्याची गरज संपली की जात विरळ होते. मग उरलेल्या थोड्यांची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की असे फोटो दाखवणारे गावात येतात.

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडं येतो. ती नीट ऐका, म्हणजे छापल्यावर नीट वाचा. शुद्ध रक्त, शुद्ध रक्त म्हणतात, त्यात गुण आहे तसा मोठा धोकाही आहे.

प्रत्येक जिवाच्या शरीरात गुणांची बीजं जोडीनं असतात. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. दोन पदरी दोरा डोळ्यांपुढं आणा. एक पदर कुठंतरी कच्चा असला तरी दुसरा ओझं पेलतो, आणि दोर कच्चा आहे हे कुणाला कळतही नाही. पण दोन्ही पदर एकाच जागी कच्चे निघाले की दोर तिथंच तुटतो. आपल्या सगळ्यांच्याच अंगात असे काही कच्चे पदर असतात. माणसात असतात, शेळीत असतात, कुत्र्यात असतात. आई-बाप परक्या घरचे असले तर दोघांचे कच्चे पदर बहुधा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळं निभावतं. भाऊ-बहिणीला मात्र पदर मिळाले एकाच आई-बापाकडून. त्यांची पिल्लं काढली की कच्च्याला कच्चा मिळण्याची शक्यता एकदम वाढते.

आपल्याकडं सोयरीक जुळवताना देवक बघतात. एक देवक असलं की जमत नाही म्हणतात, ते भाऊबंदांत लग्न होऊ नये म्हणूनच. आता मामाची मुलगी मात्र चालते, आणि त्यावर आशाताई काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तो विषय वेगळा, आज नको. गाईच्या बाबतीतही आपण हे पाळतोच. गावात एकच वळू वर्षानुवर्षं राहिला आणि त्याच्याच कालवडी त्यालाच दाखवल्या, तर पुढं वासरं अशक्त निघतात, गाई उलटतात. म्हणून जाणता माणूस वळू बदलतो. शेळ्यांच्या कळपातला बोकड दर दीड-दोन वर्षांनी बदला, असं पशुसखी कानीकपाळी ओरडून सांगते. आणि तोच माणूस कुत्र्याच्या बाबतीत मात्र भाऊ-बहिणीची जोडी घेऊन येतो, तेव्हा ती म्हणे शुद्धतेची खूण!

हे कुठवर जाऊ शकतं त्याची उदाहरणं परदेशात आहेत, कारण तिथं कुत्र्यांच्या जातींच्या वह्या शंभर-दीडशे वर्षं ठेवलेल्या आहेत. एकदा वही बंद झाली की बाहेरचं रक्त आत घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. नॉर्वे देशात समुद्रकडेच्या कड्यांवरून पक्षी धरून आणणारं लुंडेहुंड नावाचं लहान कुत्रं आहे. त्याच्या पायांना सहा-सहा बोटं असतात, कडे चढण्यासाठी. पक्षी जाळ्यानं धरायला लागल्यावर त्याचं काम गेलं, मग साथ आली, आणि १९६०च्या सुमारास फक्त सहा कुत्री उरली. त्यातली पाच एकाच आईची. तेवढ्यांपासून जात पुन्हा वाढवली. आज कुत्री आहेत, दिसायला तशीच आहेत, पण जातीच्या जातीला आतड्याचा आजार जडलेला आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही. शेवटी तिथल्या लोकांना दुसऱ्या जवळच्या जातीचं रक्त मिसळायचं काम हाती घ्यावं लागलं.

अंगावर काळे ठिपके असलेलं डालमेशियन कुत्रं तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. त्या जातीत ठिपक्यांची निवड करता करता एक खोट सगळ्याच कुत्र्यांत भिनली. लघवीत एक आम्ल जास्त उतरतं, त्याचे खडे होतात, नराची तर लघवी अडते. जातीत एकही बिनखोटीचं कुत्रं उरलं नाही, म्हणजे जातीच्या आत राहून कितीही निवड केली तरी खोट जाणार नव्हती. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल नावाच्या शास्त्रज्ञानं पॉइंटर नावाच्या दुसऱ्या जातीशी एकदाच संकर केला, आणि त्यानंतर पिढ्यानपिढ्या पुन्हा डालमेशियनशीच. ठिपके परत आले आणि खोट गेली. तरीही ही कुत्री शुद्ध नाहीत म्हणून तिथल्या मोठ्या संस्थेनं त्यांना आपल्या वहीत घ्यायला २०११ साल उजाडलं. निरोगी कुत्रं समोर उभं आहे आणि माणसं कागद बघत बसली, अशी ही गोष्ट.

दुसरा प्रकार म्हणजे दिसण्यापायी केलेली निवड. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक चपट्या तोंडाचं कुत्रं मुलामागं चालायचं, ते आठवतं? पग त्याचं नाव. ती जाहिरात आल्यावर आपल्याकडं घरोघरी पग आले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ काढून धापा टाकतं तेव्हा त्याचं अंग थंड होतं. त्यासाठी लांब नाक-तोंड लागतं. पगचं नाक माणसानं गोंडस दिसावं म्हणून आत दाबत दाबत नेलं. त्याला थंड घरातही श्वास घेताना घरघर होते, मग आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली त्याचं काय होत असेल? बुलडॉगचं डोकं इतकं मोठं आणि कंबर इतकी अरुंद केली आहे, की ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांच्या दहातल्या आठांहून जास्त वेतांना ऑपरेशन करावं लागल्याचं दिसलं. ज्या जातीला स्वतःहून बाळंत होता येत नाही ती जात आपल्या कामाची नाही, मग ती कितीही दुर्मिळ असो.

कारवानीचं नशीब असं, की त्याची निवड पळण्यावर झाली. पळता आलं नाही त्याला कुणी ठेवलं नाही. त्यामुळं नाक, पाय, कंबर, सगळं धड राहिलं. आखूड केस, काटक अंग, उन्हाची सवय. म्हणून आम्ही म्हणतो, कारवानी पाळण्यात वावगं काही नाही. पण त्याचं वागणं समजून घ्या. ते बांधून ठेवायचं कुत्रं नाही. दिवसभर साखळीला राहिलं तर ते झुरतं, नाहीतर चिडकं होतं. सकाळ-संध्याकाळ मोकळं पळायला मिळालंच पाहिजे, आणि मोकळं सोडलं की समोरून पळणाऱ्या कोंबडीमागं ते सुटणार. ज्यांच्या घरी कोंबड्यांचा धंदा आहे त्यांनी आधी कुंपण करावं, मग कुत्र्याचा विचार. लहानपणापासून करडांत, कोंबड्यांत वाढवलं तर फरक पडतो, पण पुरता भरवसा नको. अंगावर चरबी नसते, म्हणून थंडीत त्याला पोतं, गोधडी लागते. नुसत्या फरशीवर निजवलं तर कोपरांना घट्टे पडतात. पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि ते काही तासांत जातं. मारहाण तर बिलकूल नको, हे कुत्रं मनाला लावून घेणारं आहे. नसबंदी किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन करायचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, की हे बारीक अंगाचं, पळणाऱ्या जातीचं आहे; अशा कुत्र्यांना काही भुलीची औषधं जड जातात.

भाकरी, दूध, ताक, अंडं असं आपलं नेहमीचं खाणं त्याला चालतं. पण कांदा-लसणाचं कालवण घालू नका. आणि तासगावकडच्या बायांनो, बेदाणा आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शेडवर कुत्री फिरत असतात, तिकडं लक्ष असू द्या.

आता धंद्याचा हिशोब. आम्ही त्या गटाबरोबर बसून तो मांडला, तसाच तुम्हाला सांगतो.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले. पैदास करून विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची वेतं घ्यायची नाहीत. वर्षाला एकच वेत. सगळ्या आयुष्यात पाच वेतं, त्याहून जास्त नाहीत. ८ वर्षांनंतर बंद. आणि पिल्लू ८ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. म्हणजे 'वर्षाला दोन वेतं' हे त्या माणसाचं बोलणं पहिल्याच घासाला नियमाबाहेर गेलं.

आता महिने मोजा. पिल्लू दोन महिन्यांचं घरी आणलं. १८ महिन्यांचं व्हायला १६ महिने. गाभणपणाचे दोन महिने, बरोबर सांगायचं तर ६३ दिवसांच्या आसपास. मग पिल्लं दोन महिने सांभाळायची. झाले २० महिने. मादी ऐनवेळी माजावर आली, पहिल्याच वेळी गाभण राहिली आणि सगळं सुरळीत झालं तर २० महिने. तोवर एक रुपया घरात येत नाही आणि गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरायचा. शेळीचा हिशोब याच्या शेजारी ठेवा. गाभण शेळी आणली तर दोन-तीन महिन्यांत करडं. अडचण आली तर बाजाराचा दिवस आठवड्यावर असतो. कुत्र्याचा आठवडी बाजार नाही. न विकलेलं पिल्लू दर दिवशी मोठं होतं, जास्त खातं, आणि जितकं मोठं तितकं गिऱ्हाईक कमी. मग शेवटी ते गावाच्या वेशीवर सोडलं जातं, आणि बाकीच्यांच्या शेळ्यांवर जातं.

पिल्लांत पार्वो नावाचा आजार येतो. रक्ताची हगवण लागते, उलट्या होतात, दोन-चार दिवसांत अख्खं वेत जाऊ शकतं. त्याची लस वेळेवर द्यावीच लागते, रेबीजची वेगळी, जंताचं औषध वेगळं. हा खर्च त्या माणसानं हिशोबात धरलाच नव्हता. 'पिल्लं मीच परत घेईन' हे मात्र तो तोंडानं बोलत होता. गटाच्या सचिवताईनं त्याला सांगितलं, "दादा, एवढं लिहून द्या, सहीनिशी." पुन्हा येतो म्हणाला. ठराव अजून वहीत तसाच आहे, बिनसहीचा.

म्हणून धंदा म्हणून आम्ही ह्याला हो म्हणत नाही, निदान कर्ज काढून तरी नाही. पण एखादीच्या घरी पिढ्यानपिढ्या कारवानी आहे, मोकळं रान आहे, घरातल्यांना त्याची जाण आहे, तिनं वर्षाला एखादं वेत नीट सांभाळलं तर गोष्ट वेगळी. जात राखायची तर ती अशाच घरांतून राखली जाते. त्यासाठी आपल्याकडं एक गोष्ट शहरातल्या हौशी लोकांपेक्षा चांगली आहे: आपल्याला वही ठेवता येते. मोठ्या संस्थेच्या कागदावर तरी काय असतं? बाप कोण, आई कोण, त्यांचे आई-बाप कोण. तेच आपण शंभर पानी वहीत लिहू शकतो. मादीचं नाव, तिची आई कुणाच्या घरची, बाप कुठल्या गावचा; नर कुठला आणला; वेत कधी झालं, किती पिल्लं, किती जगली, कुणाला दिली; कुणाला फेफरं, कातडीचं दुखणं, लंगडणं असं काही निघालं का. चार गावांनी अशी वही ठेवली तर कुठल्या मादीला कुठल्या गावचा नर दाखवायचा हे एका नजरेत कळेल. आणि गावातला एखादाच देखणा नर सगळ्या माद्यांना लावला, असं होणार नाही. पाच वर्षांनी सगळीच पिल्लं एकमेकांची सावत्र भावंडं निघाली, तर मग दाखवायला नर कुठून आणणार?

कुणी कागद दाखवलाच तर तो डोळ्यांखालून घाला. आईच्या बाजूला आणि बापाच्या बाजूला एकच नाव पुन्हा पुन्हा आलेलं दिसतंय का ते बघा. इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलीला बसवा शेजारी. आणि पिल्लू घ्यायला जाल तेव्हा त्याची आई दाखवा म्हणा. आई कशी चालते, अंगानं कशी आहे, माणसाला बुजते की अंगावर येते, थानं ओघळून ती पार थकलेली तर नाही, हे बघून जेवढं कळतं तेवढं फोटोतून कळत नाही. आई लांब आहे, आज दाखवता येत नाही, असं म्हटलं तर पिल्लू तिथंच ठेवून या.

जातिवंत असो की गावठी, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी. कुत्रं चावलं, नुसता दात ओढला गेला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. लगेच आरोग्य केंद्रात जा आणि इंजेक्शनं सांगतील तेवढी सगळी पुरी करा. घरचं, ओळखीचं कुत्रं आहे म्हणून थांबू नका.

शेवटी एका ताईंचा निरोप आला आहे त्याचं उत्तर. त्यांनी वर्षभरापूर्वीच अशी भाऊ-बहिणीची जोडी घेतलेली आहे, मादी आता माजावर येईल, काय करू, असं विचारलं आहे. ताई, मादी माजावर आली की तीन आठवडे दोघांना वेगळं ठेवा, एकाला शेतातल्या घरी पाठवता आलं तर उत्तम. नुसतं दार लावून भागत नाही. पिल्लं हवी असतील तर मादी दीड वर्षाची होऊ द्या आणि पुढच्या माजाला लांबच्या गावचा, वेगळ्या घराण्यातला नर बघा. आमच्याकडं तीन गावांच्या नोंदी आहेत, त्या सांगू. भावाची नसबंदी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते का ते विचारून घ्या, म्हणजे दर सहा महिन्यांची ही राखण वाचेल. आणि पिल्लं नकोच असतील तर मादीचीही करून घ्या. फक्त ती माजावर असताना नको. माज उतरल्यावर साधारण दोन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवून तारीख ठरवा.